मातीखालचे पाय

घोडनदी भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरीस चंद्रभागा म्हणवते, हे वारकऱ्यास सांगावयास नको. त्या घोडेच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तेथील जुनी पांढर खणली, तेव्हा सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० पर्यंत नांदलेले गाव वर आले. शंभरावर घरे, चुली, धान्याची पेवे, जवाच्या पिकाला पाणी देण्यासाठी काढलेला पाट! म्हणजे संसार आपल्यासारखाच.

पण घरांच्या जमिनीखाली जे निघाले, त्याने मन थबकते. तान्ही मुले दोन मडक्यांची तोंडे जुळवून त्यांत निजवलेली. मोठी माणसे उत्तरेस डोके करून पुरलेली आणि पुष्कळांचे पाय घोट्यापासून तोडलेले! मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, किंवा भूत होऊन फिरू नये, म्हणून असे केले असावे, असा विद्वानांचा तर्क आहे.

कोणी म्हणेल, काय हा अडाणीपणा! बाबांनो, जरा थांबा. ज्यांनी आपले लेकरू राहत्या घरातच ठेवले, त्यांना माया नव्हती असे कोण म्हणेल? माया होतीच, पण तिच्यात ‘माझे’पण शिरले की ती जाणाऱ्याची वाट अडवू पाहते. आणि आपण तरी काय करतो? ‘वडिलांनी शपथ घातली होती’ म्हणून सख्ख्या भावाच्या उंबऱ्यावर वर्षानुवर्षे पाय ठेवीत नाही. त्यांनी मेलेल्यांचे पाय तोडले. आपण मेलेल्यांचे नाव सांगून जिवंतांचे पाय बांधतो. अडाणी कोण?

मग काय, रडूच नये? तसे नव्हे. ज्ञानोबारायांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली, तेव्हा नामदेवरायांना शोक आवरला नाही; त्यांच्या समाधीच्या अभंगांत तो आजही ऐकू येतो. पण त्यांनी माउलींची वाट अडवली नाही. शोक हा प्रेमाचा धर्म आहे, अडवणे हा मोहाचा.

म्हणून तर आषाढीला आपण पालखीत पादुका नेतो. संत देहाने गेले. त्यांचे पाय आपण धरले, पण चालते ठेवले.

इनामगावच्या त्या पांढरीवर कधी गेलात, तर हसू नका. हात जोडा आणि मनाला एवढेच विचारा : मी कोणाचे पाय अडवून बसलो आहे? ते मोकळे करा, मग वारीला चला.

रामकृष्णहरि.