भुताची साक्ष

भुतें आहेत कीं नाहींत हा वाद फार जुना आहे, आणि तो येथें मिटविण्याचा आमचा मानस नाहीं. भुतांच्या गोष्टी मात्र आहेत, यांत शंका नाहीं. आणि गोष्ट आली म्हणजे ती सांगणारा आला, व त्याच्या मागें त्याची जबाबदारीही आली. आपल्याविषयीं काय बोललें जातें तें ऐकून मेलेला मनुष्य हरकत घेऊं शकत नाहीं. मग त्याच्या नांवानें वाटेल तें सांगण्याचा अधिकार जिवंतांस आहे काय? अमेरिकेच्या प्रांतोप्रांतीं प्रचलित असलेल्या भूतकथांपैकीं तीन कथा या प्रश्नाच्या विचारास उपयोगी पडतील.

पहिली वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील ग्रीनब्रायर परगण्याची. झोना हीस्टर शू नांवाची नवविवाहित स्त्री १८९७ च्या जानेवारींत राहत्या घरीं मृत सांपडली. नवऱ्यानें प्रेतास उंच गळपट्टीचा पोषाख स्वतःच चढविला आणि डॉक्टरास मान नीट तपासूं दिली नाहीं. मृत्यु नैसर्गिक ठरून दफन झालें. पुढें तिची आई मेरी जेन सांगूं लागली कीं, मुलगी लागोपाठ चार रात्रीं आपल्यापुढें उभी राहिली आणि नवऱ्यानें आपली मान मोडल्याचें तिनें सांगितलें. आईनें सरकारी वकिलाचें दार गाठलें. प्रेत उकरून पाहतात तों मान खरोखरच मोडलेली! त्याच वर्षीं नवऱ्यास जन्मठेप झाली, आणि १९०० सालीं तो तुरुंगांत मेला. भुताच्या साक्षीनें खुन्यास शिक्षा झाली, असें तेथें आजही सांगतात. वास्तविक सरकारी वकिलानें न्यायालयांत भुताचें नांवही काढलें नव्हतें. आरोपीच्या वकिलानें आईच्या साक्षीचें वजन कमी करण्याकरितां तें काढलें. खरी साक्ष दिली ती मोडलेल्या हाडानें. तरीही ही कथा आम्हांस खोटी म्हणवत नाहीं. ज्या आईच्या नुसत्या संशयास कदाचित् कोणी विचारलें नसतें, तिच्या शोकास त्या भुतानें वाचा दिली, आणि ती वाचा सत्याच्या दारापर्यंत जाऊन पोंचली.

दुसरी कथा दक्षिणेकडील लुइझियाना राज्यांतील न्यू ऑर्लिन्स शहराची. तेथील रॉयल रस्त्यावर मादाम लालोरी या धनाढ्य बाईच्या वाड्यास १० एप्रिल १८३४ रोजीं आग लागली. मदतीस धांवलेल्या लोकांस आंत साखळदंडांनीं जखडलेले, छळानें जर्जर झालेले गुलाम आढळले. संतप्त जमावानें वाडा फोडला. बाई फ्रान्सला पळाली, आणि तिला शिक्षा कधींच झाली नाहीं. आज त्या जागेसमोर प्रवाशांचे घोळके थांबतात व वाटाडे त्यांस किंकाळ्यांचें वर्णन ऐकवितात. मूळचे अत्याचार कांहीं थोडे नव्हते. पण तेवढ्यानें भय पुरेना, म्हणून पुढील कथाकारांनीं त्या काळचा कोणताही आधार नसलेले किळसवाणे प्रकार त्यांत भरले. मेलेल्याच्या टाळूवरचें लोणी खाणें म्हणतात, तें याहून निराळें काय असतें?

तिसरी कथा त्याच राज्यांतील सेंट फ्रान्सिसव्हिल गांवच्या मर्टल्स नांवाच्या वाड्याची. क्लोई नांवाच्या गुलाम स्त्रीनें केकमध्यें कण्हेरीचें विष कालवून मालकिणीस व तिच्या दोन मुलींस मारलें, तिला फांशी दिलें, आणि तिचें भूत अजून तेथें हिंडतें, अशी ती कथा आहे. ती प्रथम वाचली तेव्हां आमच्या अंगावर गोड शहारा आला, हें कबूल केलें पाहिजे. पुढें कळलें कीं, त्या मालकिणीचा अंत १८२३ सालीं पीतज्वरानें झाला, आणि क्लोई नांवाची कोणी गुलाम त्या घरीं असल्याची नोंदच सांपडत नाहीं. मग त्या शहाऱ्याची आम्हांस लाज वाटली. जेथें माणसें विकत घेऊन राबविलीं गेलीं, त्या घराच्या आठवणींत अपराधी म्हणून कोण उरली, तर एक गुलाम स्त्री! आणि ज्वराचें पाप तिच्या माथीं मारलें जात असतां आम्ही माना डोलावीत होतों.

कोणी म्हणेल, या गोष्टी नसत्या तर रॉयल रस्त्यावरच्या त्या गुलामांची आठवण तरी कोणास राहिली असती? हा आक्षेप हलका नाहीं. ज्यांची नोंद मालमत्तेच्या यादींत किंमतीसह होते, त्यांचा इतिहास लिहावयास फार थोडे बसतात. गोष्टच त्यांस जागें ठेवते. म्हणून भूतकथा बंद कराव्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मेलेल्यास जागें ठेवणें निराळें, आणि चार घटका करमणुकीसाठीं नाचविणें निराळें. ग्रीनब्रायरचें भूत अपराध्याकडे बोट दाखवितें. रॉयल रस्त्यावरचें नुसतें ओरडतें. आणि मर्टल्समधील भुतास तर आपल्यावरचा खोटा आरोप स्वतःच मिरवावा लागतो. भूतकथा ही मृतांची ठेव आहे. ठेवींत भर घालणाराही तिचा तितकाच अपहार करितो, हें कथाकारानें विसरूं नये.

रॉयल रस्त्यावर उभ्या राहिलेल्या प्रवाशास वाटाड्यानें किंकाळ्या अवश्य ऐकवाव्या; पण त्यापूर्वीं त्यास एवढें सांगावें कीं, या घरच्या मालकिणीस शिक्षा झाली नाहीं. त्यानंतर त्याच्या अंगावर कांटा आला, तर तो खरा असेल.