पाणी, विश्वास आणि तारण

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये ८:९-४०, रोम ६:१-११



नांदेड, लातूर, उदगीर या भागांतून हैदराबादेस जाणे आपल्या लोकांना नवे नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजही आपली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी तेथे जातात आणि शिकवणी-वर्गांनी व वसतिगृहांनी गजबजलेल्या दिलसुखनगरसारख्या वस्तीत राहतात. रविवारी जवळ जी मंडळी असेल तेथे ती उपासनेस बसतात. तेथे कधी कधी त्यांना विचारले जाते, "तुमचा बाप्तिस्मा लहानपणी झाला की मोठेपणी? शिंपडून झाला की बुडवून?" उत्तर ऐकून कोणी म्हणतो, "मग तो बाप्तिस्मा नव्हेच. तुमचे तारण अजून व्हायचे आहे." मूल घरी फोन करते आणि आईबाप गोंधळून जातात. याउलट आपल्यातच काही जण म्हणतात, "तारण विश्वासाने होते, मग पाण्याची गरजच काय?" या दोन्ही म्हणण्यांविषयी शास्त्र काय सांगते ते आपण पाहू.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात दोन माणसांचा बाप्तिस्मा झालेला आहे. पहिला शोमरोनातील जादूगार शिमोन. त्याने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच दिवसांत पवित्र आत्म्याचे दान विकत घेण्यासाठी पैसे पुढे केले. तुझे अंतःकरण देवाच्या दृष्टीने सरळ नाही, असे पेत्राला त्याला सांगावे लागले. दुसरा कूश देशाच्या राणीचा अधिकारी. रथात बसून यशया वाचताना त्याला येशूची ओळख झाली. वाटेत पाणी दिसताच त्याने स्वतःच बाप्तिस्मा मागितला आणि तो आनंद करीत आपल्या वाटेने गेला. दोघांनाही सुवार्ता सांगणारा फिलिप्पच. दोघांचाही बाप्तिस्मा पाण्यानेच. फरक अंतःकरणात होता. वधस्तंभावरील चोराला तर पाणी मिळालेच नाही, तरी प्रभूने त्याला सुखलोकाचे वचन दिले. म्हणून पाण्याच्या अंगी तारण्याची शक्ती नाही. तारणारा ख्रिस्त आहे.

परंतु त्या चोराचे उदाहरण आपण सबब म्हणून पुढे करू नये. त्याचे हातपाय खिळलेले होते. ज्यांचे पाय मोकळे आहेत त्यांना प्रभूची आज्ञा आहे. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने विश्वास ठेवला, तेव्हा त्याने सकाळची वाट पाहिली नाही; त्याच रात्री त्याने आपल्या घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीत या गोष्टीची मोठी साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी आपली मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. लोक त्यांना ख्रिस्ती म्हणून ओळखत होते. तरी १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी निर्भयपणे लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो स्वतः सापडायचा होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ती खात्री मिळाली. एवढ्या विदुषीला जे कबूल करावेसे वाटले, ते मंडळीच्या नोंदवहीत नाव आहे एवढ्यावर निश्चिंत असणाऱ्या आपण सर्वांनी मनावर घेतले पाहिजे.

दुसरी साक्ष तेलुगू बांधवांची आहे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळात ओंगोल येथे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे जॉन क्लफ यांनी उपाशी लोकांना काम मिळावे म्हणून बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा मक्ता घेतला. पण अन्नाच्या आशेने कोणी ख्रिस्ती होऊ नये, म्हणून त्या काळात त्यांनी बाप्तिस्मे थांबवले. पुढे मदतीचे काम संपले आणि देण्यासारखे काही उरले नाही, तरी लोक येतच राहिले. अखेर ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा गुंडलकम्मा नदीत झाला. आज आपण त्या मोठ्या आकड्याचे नवल करतो. आम्हांला मात्र त्याआधीचे ते थांबणे अधिक मोलाचे वाटते. बाप्तिस्मा ही इतकी पवित्र गोष्ट आहे की ती भाकरीच्या बदल्यात देता येत नाही.

मग बाप्तिस्मा म्हणजे काय? पौल म्हणतो, आपण ख्रिस्ताबरोबर मेलो, पुरले गेलो आणि नव्या जीवनात चालण्यासाठी उठलो. बाप्तिस्मा त्या मरणाची व उठण्याची खूण आहे. अंगठी म्हणजे लग्न नव्हे. तरी प्रामाणिक पती ती फेकून देत नाही. बाप्तिस्म्यात आपण देवाला शब्द देतो, पण त्याआधी देव आपल्याला शब्द देतो. आईच्या मांडीवर असताना दिलेला त्याचा शब्द आपल्याला उशिरा समजला, म्हणून तो खोटा ठरत नाही. नागपूर येथे १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती तिने मान्य केल्या. पाणी किती यावरून मंडळी फुटू नये, कारण प्रभू एक, विश्वास एक, बाप्तिस्मा एक (इफिस ४:५).

म्हणून दूर गेलेल्या आपल्या मुलांना आपण सांगावे : पुन्हा पाण्याकडे धावण्याआधी, ज्याच्या नावाने तुमचा बाप्तिस्मा झाला त्याच्याकडे या. पश्चात्ताप करा, विश्वास धरा, आणि मिळालेल्या बाप्तिस्म्याला शोभेल असे चाला. आणि ज्यांनी विश्वास ठेवूनही अद्याप बाप्तिस्मा घेतला नाही, त्यांनी विलंब करू नये.

संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची विशेष विनंती आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी बालकाच्या वतीने वचन दिले. ते वचन कोणते, हे त्या बालकाला कळेल अशा शब्दांत सांगणे आपले काम आहे. दृढीकरणाच्या वर्गात उत्तरे पाठ करून घेण्याबरोबर, "तू स्वतः येशूला ओळखतोस काय?" हा प्रश्न प्रत्येकाला प्रेमाने विचारावा. तसे झाले, तर आपले मूल कोणत्याही शहरात गेले आणि कोणी काहीही विचारले, तरी त्याचा पाय डळमळणार नाही.

हे प्रभू, तुझ्या नावाने आम्हांवर पाणी पडले आहे. आमची अंतःकरणेही तूच धुऊन शुद्ध कर. आमेन.