पिल्लू घरी आणण्याआधी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरती झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "मुलगा सहावीत आहे. कुत्र्याचं पिल्लू हवं म्हणून दोन महिने हट्ट धरून बसलाय. आम्ही दोघंही नोकरीला. आणावं का? आणि साधकाने असा मोह वाढवावा का?"

प्रश्न दोन आहेत. उत्तर देताना आधी आपलीच चूक सांगायला हवी. नव्या मंडळींना ती माहीत नाही.

काही वर्षांपूर्वी दत्तजयंतीला मंदिराच्या पायरीशी एक पिल्लू सापडलं. सगळ्यांना वाटलं, दत्तप्रभूंनीच पाठवलं. आम्ही चार घरांनी वार वाटून घेतले. पहिले पंधरा दिवस फोटो काय, दूध-पोळी काय, विचारू नका! लस टोचायची आहे हे चारही घरांना ठाऊक होतं. पण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने नेलं असेल. माघात त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, पार्व्हो. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

आम्ही रडत महाराजांकडे गेलो. वाटलं होतं, समजूत घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, "लस कोणाच्या वाराला होती?" कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. मग म्हणाले, "दत्तमूर्तीपाशी चार कुत्री आहेत. त्यांना चार वेद मानून रोज ओवाळता. एक जिवंत दारात आलं, ते चार घरांत मिळून एकाचंही झालं नाही."

आता मोहाचं. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य सोडून वनात गेलेल्या भरताने नदीत वाहून चाललेलं हरिणाचं पाडस वाचवलं. पुढे त्यातच जीव इतका गुंतला की साधना सुटली आणि पुढचा जन्म हरिणाचा मिळाला. ही कथा सांगून काही जण म्हणतात, प्राणी पाळूच नये. पण पाडस वाचवलं हा भरताचा दोष नव्हता. ते माझं, माझ्यावाचून त्याचं कसं होईल, या विचाराने मन व्यापलं, तिथे तो अडकला. आमचं तर उलटंच झालं. लाड भरपूर केले आणि कर्तव्याच्या वेळी जागेवर नव्हतो. मोहही झाला आणि सेवाही हुकली.

तिसरी वाट धर्मराजाची. महाप्रस्थानात भाऊ गेले, द्रौपदी गेली, शेवटपर्यंत सोबत राहिला तो कुत्रा. इंद्राचा रथ दारात आला, तरी "आश्रयाला आलेल्याला टाकून स्वर्ग नको" म्हणून युधिष्ठिर अडून बसला. त्यात लाड नव्हता, शब्द होता. तोच कुत्रा धर्म निघाला.

तेव्हा ताई, घरात बसून या गोष्टी एकमेकांना विचारा.

कुत्रं साधारण 10 ते 15 वर्षं जगतं. आज सहावीतला मुलगा कॉलेजला बाहेरगावी जाईल, तेव्हा ते तुमच्याकडेच असेल. म्हणजे पिल्लू मुलाचं नाही, तुमचं. पिल्लू निदान 8 आठवडे आईपाशी राहिलं पाहिजे, त्याआधी आणू नये. लसी 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात आणि 16 आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. रेबीजची लस वेगळी. या तारखा कोण पाळणार, त्या एकाच माणसाचं नाव आजच ठरवा. लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीही. दोघं ऑफिसला गेल्यावर दुपारी घरी कोण? वारीला, लग्नाला गेलात तर कोण? आपल्या प्रसादातले मनुके, द्राक्षं, घरातला कांदा-लसूण, मुलांचं चॉकलेट हे सगळं त्याला विषासारखं आहे. आजी-आजोबांनाही हे समजावून सांगावं लागेल. दिवाळीत फटाक्यांना ते घाबरेल, तेव्हा जवळ कोण बसेल?

महाराजांनी तेव्हा आम्हाला एक नेम दिला होता, तोच तुम्हाला सांगतो. पिल्लू न आणता 21 दिवस रोज पहाटे आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बाहेर फिरून या. रात्री एकदा गजर लावून उठा. खाण्या-औषधाचे पैसे रोज वेगळ्या डब्यात टाका. मुलालाही सोबत घ्या. पाऊस असो, पाहुणे असोत, खाडा नाही. नेम पूर्ण झाला तर खुशाल आणा. रस्त्यावरचं देशी पिल्लू आणलंत तर फारच उत्तम, त्याला आपली हवा मानवते.

नेम मोडला तर वाईट वाटून घेऊ नका. "सध्या नाही" म्हणणं हीसुद्धा दयाच आहे. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी दारात पाण्याचं भांडं ठेवा, त्यांच्या लसीकरणाला आणि नसबंदीला हातभार लावा. मुलाला तिथे सेवा करू द्या.

आमच्यापैकी तीन घरांचा नेम मोडला. चौथ्या घरी आज नऊ वर्षांची कुत्री आहे. आरतीला दाराशी येऊन बसते. लसीचं कार्ड देवघराच्या खणात असतं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥