वर्षश्राद्धाला बसू की नको?

शंका : वडील गेले त्याला आता वर्ष होईल. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले, ‘दादांची काय इच्छा राहिली असेल ती बोल.’ मी म्हणालो, ‘आईला अंतर देणार नाही.’ तेवढ्यात कावळा शिवला. सगळे गहिवरले, मला त्यात दैवी काही वाटलं नाही. देव, आत्मा, परलोक मी मानत नाही. पण हे सारं नाहीच, असं छातीठोकपणे सांगण्याइतकं मला कळतं, असंही वाटत नाही. धाकटा भाऊ मला नास्तिक म्हणतो. एक नास्तिक मित्र म्हणतो, तू अज्ञेयवादी, म्हणजे कुंपणावर बसलेला. मी नेमका कोण? आणि श्राद्धाला बसू की नको?
— एक वाचक, कराड

समाधान : देव, परलोक मानता का, हा विश्वासाचा प्रश्न. ‘नाही’ म्हणणारा नास्तिक. ते आहे की नाही हे माणसाला कळू शकतं का, हा ज्ञानाचा प्रश्न. ‘मला कळलेलं नाही, कळायची वाटही दिसत नाही’ म्हणणारा अज्ञेयवादी. प्रश्न दोन असल्यामुळे ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाची असू शकतात, आणि तुमची तशी आहेतच. देव बुद्धीला कळत नाही असं म्हणून त्याला भजणारेही असतात. म्हणून अज्ञेयवाद हा आस्तिक-नास्तिकांच्या मधला मुक्काम, ही समजूत मला मान्य नाही.

तरी तुमच्या मित्राचा टोमणा अगदी निराधार नाही. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रू बुद्धाला आधी भेटलेल्या आचार्यांविषयी सांगतो. अजित केसकंबलीचं मत रोखठोक : देह चार महाभूतांचा, मेल्यावर ज्याचं त्यात मिसळतं, मागे काही उरत नाही. संजय बेलट्ठिपुत्त मात्र परलोक आहे म्हणेना, नाही म्हणेना, आहे आणि नाही असंही म्हणेना. आपण का बोलत नाही, हेही सांगेना. राजाला तो सगळ्यांत मूढ वाटला. कुंपण म्हणायचं तर ते हे.

आता थॉमस हक्स्लीकडे पाहा. या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये ‘ॲग्नॉस्टिक’ हे नाव काढलं, पण त्याच्या मताची परीक्षा आधीच होऊन गेली होती. सप्टेंबर १८६० मध्ये त्याचा थोरला मुलगा नोएल, पुरता चार वर्षांचाही नसलेला, स्कार्लेट फीवरने दोन दिवसांत गेला. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक मित्राने सांत्वनाचं पत्र लिहिलं. हक्स्लीच्या उत्तराचा आशय असा : मृत्यूनंतरचं जीवन मी मानतही नाही, नाकारतही नाही, मानायला कारण दिसत नाही, खोटं ठरवायला साधन नाही. पोर पुन्हा भेटेल असं मानण्याचा मोह कोणत्या बापाला झाला नसता? पण मनाला हवं आहे म्हणून ते खरं धरायला तो तयार झाला नाही. मला हा माणूस कुंपणावरचा मुळीच वाटत नाही. आपलं न कळणं त्याने कारणासकट सांगितलं, तेही मुलाच्या दुःखात.

त्याच पत्रात त्याने अंत्यविधीचाही प्रसंग सांगितला आहे. धर्मगुरूने बायबलमधलं वचन वाचलं : मेलेले उठणार नसतील तर खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे. ते ऐकून हक्स्लीला धक्का बसला. मुलगा परत भेटणार नाही म्हणून माणुसकी सोडून द्यायची की काय?

तुमच्या घाटावरच्या शब्दालाही हेच लागू आहे. कावळा कशामुळे शिवला हा प्रश्न बाजूला ठेवा. दिलेला शब्द आईसाठी होता आणि तो पाळायला परलोक असावा लागत नाही.

राहिलं श्राद्ध. त्यात कर्ता जानवं अपसव्य करतो, बोटात दर्भाचं पवित्रक घालतो आणि वडिलांचं नाव-गोत्र उच्चारून अंगठा व तर्जनी यांमधून तिळाचं पाणी सोडतो. हे तुम्हाला पोचो, असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो. जे पटत नाही ते असं स्वतःच्या नावाने बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. थोरल्याच्या संमतीने धाकट्याने श्राद्ध करायला गुरुजी सहसा हरकत घेत नाहीत. भावाला कर्ता होऊ द्या. तुम्ही बाजारहाट करा, पानं वाढा, दिवसभर आईजवळ राहा.

आईने तुम्हीच बसावं असा आग्रह धरला तर? तर तिला आधी सांगा, ‘आई, हे दादांना पोचतं की नाही मला ठाऊक नाही, मी तुझ्यासाठी बसतो.’ हे ऐकूनही ती ‘बस’ म्हणाली तर बसा. तिच्यापासून काही लपवलेलं नसेल तर ते ढोंग होत नाही. विचारणारा पक्का नास्तिक असता तरी मी त्याला हेच सांगितलं असतं. फक्त ‘ठाऊक नाही’च्या जागी त्याने ‘पोचत नाही’ म्हटलं असतं. आगरकरांनी रूढींवर किती कडक लिहिलं, पण पत्नी यशोदाबाईंच्या सोवळ्या-ओवळ्यावर त्यांनी घरात सक्ती केली नाही. स्वतःचं मत न लपवता घरच्यांशी असं वागता येतं.

भावाच्या श्रद्धेची टिंगल मात्र तुम्हाला करता येणार नाही. ‘मला कळलेलं नाही’ हे तुमचंच म्हणणं आहे. त्यानेही तुमच्याकडून श्रद्धेची कबुली मागू नये. हे पत्र त्याला वाचायला द्या. आणि गुरुजींना तिथी विचारायला जाल त्याआधीच आई, भाऊ आणि तुम्ही तिघांनी बसून काय ते ठरवा. पानं मांडल्यावर हा वाद आईच्या कानावर पडता कामा नये.