आनंदाला तारीख द्यावी

मार्च १९६०. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी क्लाइड शील्ड्स या कामगाराच्या हातात टेफ्लॉनची एक नळी बसवली. रक्त शुद्ध करणारं, म्हणजे डायलिसिसचं, यंत्र तेव्हा नवं नव्हतं. विलेम कॉल्फ यांनी ते १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन वापरून तयार केलं होतं. अडत होतं ते रक्तवाहिनीपाशी. दर खेपेला नवी वाहिनी उघडावी लागे आणि थोड्याच दिवसांत जागा संपत. हातात कायम राहणाऱ्या नळीने तो प्रश्न सोडवला. मूत्रपिंडं निकामी झालेले शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगले.

यंत्रं मात्र मोजकी होती आणि रांग मोठी. कोणाला यंत्र मिळावं हे ठरवायला सिॲटलमध्ये सात जणांची समिती बसली. तीत धर्मगुरू होते, वकील होते, एक गृहिणीही होती. अर्जदाराचं वय, कमाई, शिक्षण, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, समाजाला त्याचा उपयोग, असं सगळं तिथे तोललं जाई. १९६२ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाने ही हकीकत छापली आणि गदारोळ उठला. माणूस किती उपयोगाचा आहे यावर त्याचं जगणं ठरवायचं का, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकीय नीतिशास्त्राच्या केंद्रस्थानी आला.

ती समिती इतिहासजमा झाली. आपल्याकडे २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. खर्च आणि जाण्या-येण्याचे हाल अजून पुष्कळांना छळतात, पण यंत्राच्या दारात कोणी तुमची उपयुक्तता विचारत नाही. ती विचारली जाते घरात, आणि विचारतो स्वतः आजारी माणूस. ‘माझ्यापायी मुलाची रजा गेली. सुनेला माहेरी जाता आलं नाही. कशाला जगतोय मी?’ पहाटे जाग आल्यावर तो स्वतःविरुद्धच हा खटला चालवतो. आरोपी तोच, न्यायाधीशही तोच.

घरची माणसं या खटल्यात नकळत पुरावे पुरवतात. कोकणची सहल रद्द होते, गणपतीची आरास आटोपशीर होते, जोरात हसणारा नातू गप्प केला जातो. कारण विचारलं तर म्हणतात, ‘तुम्ही बरे झालात की करू.’ हेतू प्रेमाचाच असतो. पण मूत्रपिंडाचा जुनाट विकार, संधिवात, पार्किन्सन्स, मधुमेह यांच्या बाबतीत ‘बरं होणं’ बहुधा दिनदर्शिकेत नसतंच. मग ते वाक्य आनंद पुढे ढकलत नाही, घरातून कायमचा काढून टाकतं, आणि त्याचं कारण म्हणून आजारी माणसाकडे बोट दाखवतं.

म्हणून मला वाटतं, लांबलेल्या आजारात घराने आनंदी राहणं ही चैन नाही, आजारी माणसाप्रति ते कर्तव्य आहे. माझ्यामुळे घर थांबलेलं नाही, हे त्याला रोज दिसायला हवं.

हे नुसत्या सदिच्छेने होत नाही, शिकावं लागतं. भेटायला येणारा पाहुणा प्रेमाने शहाळं आणि डझनभर केळी आणतो. डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठतं, ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि शहाळ्यात, केळ्यात तेच भरपूर असतं. आपल्याकडचा मायेचा सर्वांत जुना उपचार त्याला अपायकारक ठरू शकतो. प्रेम करायचं तर आधी आहारतज्ज्ञाला विचारावं लागतं.

माझ्या परिचयातल्या, पुण्यात राहणाऱ्या आणि डायलिसिसवर असलेल्या एका काकूंच्या घरी हे सगळ्यांनी शिकून घेतलंय. बटाटे चिरून भरपूर पाण्यात भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, मग नव्या पाण्यात शिजवायचे. आमटी सगळ्यांसाठीच कमी मिठाची, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. काकूंना दिवसाचं पाणी मोजून मिळतं, म्हणून सकाळीच त्यांची बाटली भरलेली असते आणि चहाचा कप छोटा असतो. आठवड्यातले तीन दिवस चार-चार तास यंत्रावर जातात. ते दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करून ठेवलेत. भाचीच्या लग्नाचं, नाटकाच्या तिकिटांचं, देवदर्शनाचं ठरतं ते उरलेल्या दिवसांत. पुण्याबाहेर चार दिवस जायचं झालं, तर त्या गावातल्या केंद्रात डायलिसिसची वेळ आधी ठरवायची, मग खोली बघायची.

त्याच घरातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे काकूंकडे कामं आहेत. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, असलेल्या हाताने त्या जड काही उचलत नाहीत, पण नातीचं पाढ्यांचं पाठांतर त्याच घेतात. दिवाळीला चकलीच्या भाजणीचं प्रमाण त्या सांगतात आणि चुकलं तर रागावतातही. सतत घेणारा माणूस आतून खचतो. देण्याची जागा शाबूत राहिली की ‘मी ओझं आहे’ या आरोपाला रोजच्या रोज उत्तर मिळत जातं.

याचा अर्थ घर सतत हसरं असावं असा नाही. डायलिसिसहून परतल्यावर अंग पिळून निघालेलं असतं, पायांत गोळे येतात, कोणी बोललेलंही नको वाटतं. अशा संध्याकाळी ‘सकारात्मक राहा’ हा उपदेश क्रूर ठरतो. तेव्हा दिवा मंद करून शेजारी बसणं पुरे असतं. चिडायची, रडायची मुभा नसलेल्या घरात आनंद हीसुद्धा आजाऱ्यावर लादलेली एक ड्यूटी होऊन बसते.

आणि शुश्रूषा करणाऱ्याचं काय? मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेलेली सून, भिशीला गेलेली पत्नी अपराधी चेहऱ्याने घरी परतते. तिने तसं वाटून घेऊ नये. पाळी वाटून घेतली, धाकट्या दिराने एक डायलिसिसचा दिवस सांभाळला, तर ती थकून खचत नाही आणि आजाऱ्यालाही एका माणसाचा जीव आपल्यापायी घुसमटतोय हे बघावं लागत नाही.

‘सगळं ठीक होईल’ असं आश्वासन द्यायचा अधिकार डॉक्टरलाही नसतो, आपल्याला तर नाहीच. आजारी माणसाला त्यातलं खोटं लगेच कळतं आणि तो आणखी एकटा पडतो. ‘रविवारी सगळे जेवायला येणार आहेत, कोशिंबिरीचं तुम्ही बघा’ हे मात्र खरं असतं, आणि पाळता येतं. आशेला एवढाच आधार लागतो: पुढे एक दिवस आहे आणि त्या दिवशी आपली गरज आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी असा आजार मुक्कामाला आलाय त्यांनी या आठवड्यात एकत्र बसून, ‘बरं झाल्यावर करू’ म्हणून मागे ठेवलेल्या गोष्टी आठवाव्यात. बऱ्याचशा आता जमणार नाहीत, ते मोकळेपणी मान्य करावं. जमेल अशी एखादी निघतेच. तिला याच महिन्यातली तारीख द्यावी, आणि कोणी काय करायचं याची वाटणी करताना पहिलं काम आजारी माणसाला विचारून त्याच्याकडेच सोपवावं.