लढाईच्या दिवसांतला खेळ

मार्च १९४५. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. आपल्या इंदूरच्या संघाचा हा पहिलाच अंतिम सामना. दिवसांची मर्यादा नव्हती, निकाल लागेपर्यंत खेळायचं. मुंबईनं ४६२ आणि ७६४ धावा केल्या, होळकरांनी ३६० आणि ४९२. एकूण २०७८! विजय मर्चंट यांच्या २७८, आपल्या मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतकं आणि एका गोऱ्या सार्जंटच्या नाबाद २४९. हा सार्जंट म्हणजे डेनिस कॉम्प्टन. इंग्लंडचा नावाजलेला फलंदाज, लढाईमुळे आपल्या महूच्या छावणीत येऊन पडलेला. कप्तान सी. के. नायडू, वय ४९. आपण ३७४ धावांनी हरलो, तरी इंदुरात जुनी माणसं असलेल्या घरांत तो सामना अजून जिंकल्यासारखा सांगतात.

आता त्याच महिन्याचं दुसरं पान बघा. ९ मार्चच्या रात्री अमेरिकन विमानांनी टोकियोवर आग ओतली. एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं गेली. ब्रह्मदेशात आपली हिंदी फलटणींतली मुलं लढत होती. त्या आघाडीवर पडलेल्या, ज्यांची थडगीसुद्धा सापडली नाहीत अशा सत्तावीस हजारांची नावं आज रंगूनजवळच्या स्मारकावर कोरलेली आहेत. आणि इकडे चेंडू सीमापार गेला म्हणून टाळ्या. हे बरोबर होतं का?

प्रश्न जुना आहे, आणि त्यात आपल्या होळकरांचाही संबंध आहे. १८०५ साली लॉर्ड लेक यशवंतराव होळकरांच्या पाठीमागे होता, पाठलाग थेट पंजाबपर्यंत गेला. तिकडे समुद्रापलीकडे नेपोलियनची फौज इंग्लंडवर उतरायच्या तयारीत. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला लॉर्ड्सच्या जुन्या मैदानावर ईटन आणि हॅरो या दोन शाळांचा सामना झाला. हॅरोकडून पायानं अधू असलेला एक मुलगा खेळला, तोच पुढे कवी बायरन म्हणून गाजला. डिसेंबरात राजघाटचा तह झाला. बारा वर्षांनी महिदपूरला होळकरांचा पराभव, मग मंदसौरचा तह, आणि त्यातूनच १८१८ ला महूची छावणी उभी राहिली. त्याच छावणीतला शिपाई सव्वाशे वर्षांनी होळकरांसाठी बॅट घेऊन उतरला. इतिहासाची ही गंमत मला कुठल्याही धावसंख्येपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे पापाचा हिशेब तीन ठिकाणी मांडतात, हे तुम्हाला सांगायला नको: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मनातून मान दिलेला. कृत, कारित, अनुमोदन. तिसरं सगळ्यात अवघड, कारण ते घरात बसल्या बसल्या होतं. मग ब्रेबॉर्नवरचे प्रेक्षक या तिन्हींत कुठे बसतात? त्यांनी बाँब टाकला नाही, टाकवला नाही. टाळी दिली ती फटक्याला. कॉम्प्टनचा प्रश्न जास्त टोचतो. छावणीत सैनिकांना कसून तयार करणं हे त्याचं काम. म्हणजे कारिताचा वाटा त्याच्याकडे होताच, पण तो परेडच्या मैदानावर. क्रिकेट खेळून तो वाढला नाही आणि न खेळता कमीही झाला नसता.

याच कॉम्प्टनची एक गोष्ट आहे, तो ती पुढे हसून सांगायचा. कुणा धनिकानं त्याला म्हणे शब्द दिला की शंभरानंतरच्या प्रत्येक धावेमागे पैसे देईन. हा तर २४९ वर नाबाद! सामना संपल्यावर चिठ्ठी आली: तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलं, क्षमस्व. आम्ही व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका. ही गोष्ट ऐकून हसू येतं आणि जरा लाजही वाटते. मला खरी शंका येते ती इथे. लढाईच्या त्या वर्षांत धान्याच्या आणि कापडाच्या साठ्यावर पुष्कळांचे हात ओले झाले. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये तीस लाखांच्या घरात माणसं मेली असं मानतात, आणि त्या वेळी गोदामांना कुलपं होती. त्याच मोसमात बंगालचा संघ रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि मुंबईत पंचरंगी सामन्यांत विजय हजारेंनी ३८७ पैकी ३०९ धावा एकट्यानं केल्या. माझं म्हणाल तर, पाप शोधायचं तर गोदामात शोधावं. हजारेंच्या बॅटनं कुणाचं ताट ओढलं नाही.

गांधीजींचं मत वेगळं होतं. देशातली माणसं तुरुंगात आणि युरोपात रक्ताचे पाट वाहत असताना हे सामने कशाला, असं त्यांनी १९४० मध्ये म्हटलं, आणि त्या वर्षी हिंदू संघानं माघार घेतली. सामने धर्मावर संघ पाडून होतात हाही त्यांचा आक्षेप होता, आणि तो मला पुरता पटतो. पण त्यांच्या पहिल्या कारणापाशी मी अडखळते. १९४३ ला बोलायला ते बाहेर नव्हते, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. असते तर काय म्हणाले असते? कारण त्याच्या आदल्याच मोसमात मुंबईला असाही एक सामना झाला होता की एका संघाचं नाव विजापूर दुष्काळ आणि दुसऱ्याचं बंगाल चक्रीवादळ! माझं माहेर जतकडचं, विजापूर तिथून जवळ. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. दुष्काळाच्या नावानं खेळायचं? पण नुसतं घरी बसून उसासे टाकणाऱ्यांपेक्षा त्या दुष्काळाचं नाव चारचौघांत तरी घेतलं गेलं.

मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा सुरू झाल्या, आयपीएल आठवडाभर थांबली. आमच्या मंडळातही खल झाला: भिशीचं जेवण ठेवायचं की रद्द? एकीनं फोनवर निकालच दिला, रद्द. ज्या मैत्रिणीचा मुलगा तेव्हा जम्मूकडे होता तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिला कळलं तेव्हा ती चिडली. "तुम्ही जेवण सोडलंत, त्यातलं माझ्या पोराला काय पोचलं? मला चार जणींत बसायचं होतं गं. घरी एकटी टीव्हीसमोर मी काय करू?"

जेवण ठेवलं. गोड केलं नाही, ते तिनंच सांगितलं. जेवताना एक जण टीव्हीवरचं ऐकून म्हणाली, बरं झालं, त्यांची शंभर मेली. कुणी काही बोललं नाही. भाताचं पातेलं फिरत होतं. मग ती मुलाची आईच हळू म्हणाली, "त्यांच्याकडेही कुणी फोनची वाट बघत असेल," आणि पुढचा घास न घेता उठून पाणी आणायला गेली.