ना हरकत

एप्रिल 2019 मध्ये प्रो कबड्डीचा लिलाव झाला आणि यू मुंबानं सिद्धार्थ देसाईला जाऊ दिलं. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोला वाटलं, आडतीत काही वांधा झाला असेल.

आदल्याच हंगामात याच संघानं त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं होतं. चंदगडकडचं पोरगं, पहिलाच हंगाम, आणि चढाईचे दोनशेवर गुण. दोघंतिघं अंगावर घेऊन मध्यरेषेला हात टेकवायचा. लोक त्याला बाहुबली म्हणायला लागले. तेलुगू टायटन्सनं 1 कोटी 45 लाख मोजले आणि तो गेला. त्यावर यू मुंबाच्या मॅनेजमेंटला मी काय काय म्हणालो ते इथं लिहिता येणार नाही. ‘यांना कबड्डी कळत नाही, नुसता हिशोब कळतो,’ हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य.

तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा अंतिम सामना खेळलेला, 2015 ला अनुप कुमारच्या कप्तानीत जिंकलेला हा संघ. मग अनुप गेला, सिद्धार्थ गेला. अर्जुन देशवाल काही काळ आपल्याकडेच होता, तोही जयपूरला गेला आणि 2022 मध्ये त्याच्या जोरावर ते विजेते झाले. तो अंतिम सामना मुंबईत झाला आणि मुंबईचा संघ त्यात नव्हता. असं बघून पोटात ढवळून येणारच.

पण दुसरी बाजू मी चहाच्या टपरीवर कधी काढली नाही. सिद्धार्थ गेला त्याच हंगामात यू मुंबा फजल अत्राचलीच्या कप्तानीत उपांत्य फेरीत पोचली, बंगालकडून 37-35 अशी दोन गुणांनी हरली. सिद्धार्थला घेणारे टायटन्स मात्र तळाजवळ राहिले. म्हणजे हिशोब अगदीच चुकला नव्हता. शिवाय ‘आपला संघ, आपला संघ’ म्हणणाऱ्या मी वरळीच्या स्टेडियमचं एक तिकीट आजवर काढलेलं नाही. मुंबईची गाडी माझ्या स्टेशनातून जाते.

आणि जवळपास चौपट दर मिळाल्याबद्दल त्या पोराचं कौतुक? ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. हे मला फार उशिरा दिसलं.

मी लासूर स्टेशनच्या कांदा मार्केटात दिवाणजी आहे. लिलाव हा माझा रोजचा धंदा. व्यापारी ट्रॉलीतला एखादा कांदा उचलतो, बोटांनी दाबतो, वरची साल काढून बघतो, बोली चढते, चिठ्ठी फाटते. दर पटला नाही तर शेतकरी ट्रॉली वळवून वैजापूरचा रस्ता धरतो. त्याला मी बेइमान म्हणत नाही. माल त्याचा आहे.

सिद्धार्थ गेला त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचा एक पोरगा आडतीवर आला. एकोणीस वर्षांचा, आमचा पहिला चढाईपटू. खुर्ची दिली तरी बसला नाही. म्हणाला, “काका, औरंगाबादच्या एका संघानं विचारलंय. रोज मॅटवर सराव मिळेल. तुमचं ना हरकत पाहिजे.”

आमच्याकडे माती. मातीवरचा गडी अनवाणी घडतो. मॅटवर बूट घालून वळायचं, थांबायचं म्हणजे पाय नव्यानं शिकवावे लागतात. पुढं जायचं असेल तर मॅट पाहिजेच, हे मीच पोरांना सांगत असे. मंडळाचा सचिव मी, शिक्का माझ्याकडे. मी म्हणालो, “समितीची बैठक होऊ दे, मग बघू.”

बैठकीची काही गरज नव्हती. दिवाळीनंतर आमची स्पर्धा होती आणि तो नसता तर पहिलं बक्षीस बाहेर गेलं असतं. फ्लेक्सवर माझा हात जोडलेला फोटो असतो, त्याच्याखाली दुसऱ्या गावची पोरं ढाल घेऊन नाचताना मला बघवली नसती. तो आणखी दोनदा आला. दुसऱ्या वेळी मी त्याला गावाच्या मातीविषयी चार गोष्टी ऐकवल्या. बोललो चांगला, तो खाली बघत राहिला. महिनाअखेर नोंदणीची मुदत संपली. बक्षीस आम्हाला मिळालं.

यू मुंबानं खेळाडू सोडला म्हणून मी शिव्या देत होतो. उलट त्यांनी तो अडवून ठेवला असता, तर मला ते प्रेम वाटलं असतं.

परवा तो पिकअपमध्ये उन्हाळ कांदा घेऊन आला. आता अंगानं भरलाय, एक मुलगी आहे. पट्टी होईपर्यंत टेबलासमोर उभा होता. कबड्डीचा विषय निघाला आणि माझं जुनं चऱ्हाट सुरू झालं: सिद्धार्थला सोडायलाच नको होतं.

“जाऊ द्या काका,” तो हसून म्हणाला, “त्याचं तर भलंच झालं की.”

मी वजन लिहिलं, दर लिहिला, हमाली-तोलाई वजा केली. त्यानं सही केली, पैसे मोजले आणि गेला.

त्याचं ना हरकत पत्र मी त्याच मे महिन्यात लिहिलं होतं. सही केली होती, शिक्काही मारला होता. फक्त दिलं नव्हतं. परवा तो ज्या टेबलासमोर उभा होता, त्याच्याच खणात, जुन्या पावतीपुस्तकांखाली ते अजून आहे.